दिवसातून दोनदा दुष्काळ

जामखेडपासून समुद्र तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवर आहे, पण आठवडी बाजारात तो पोत्यांत भरून येतो. लसूण-मिरचीची ओळ संपली की आधी वास येतो आणि मग दुकाने दिसतात. सुकट, जवळा, सुके बोंबील, खारा बांगडा. भाजी महागली की या कोरड्या तालुक्यातल्या कित्येक घरांत सुकटीची चटणी तव्यावर परतली जाते. ज्या मुलाला किंवा मुलीला समुद्री जीवांचे वेड लागले आहे, त्यांनी कोकणच्या सहलीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पहिला धडा इथेच मिळतो.

छटाकभर जवळा पांढऱ्या कागदावर पसरावा आणि भिंग घेऊन निवडायला बसावे. जवळा म्हणजे कोळंबीची पिल्ले, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. जवळा ही वेगळीच जात आहे, आणि पूर्ण वाढ झाली तरी ती जेमतेम इंच-दीड इंचाची राहते. निवडता निवडता त्या ढिगात भलतेच पाहुणे सापडू लागतात : नखाएवढा खेकडा, वाळून चपटे झालेले माकूल, पुढचे पाय दुमडून घेतलेली एखादी मँटिस कोळंबी, ओळखू न येणारी माशांची पिल्ले. हे सगळे एकत्र येण्याचे कारण जाळ्यात आहे. जवळा आणि बोंबील पकडायला कोळी लोक डोल लावतात. डोल म्हणजे भल्यामोठ्या पिशवीसारखे जाळे. ते खुंटांना किंवा नांगरांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडे ठेवून उभे केले जाते. प्रवाह जे आणील ते आत जाते. म्हणून सुकटीचे पोते हा त्या किनाऱ्याच्या उथळ पाण्याचा नमुनाच असतो, आणि तो वाचायला पोहता येण्याची गरज नाही.

बोंबलाचेही तसेच. सुक्या बोंबलाचा जबडा उघडून पाहिला तर आत वळलेले सुईसारखे दात दिसतात. ताजा बोंबील पाण्याने इतका भरलेला असतो की वाळल्यावर त्याची नुसती काडी उरते. मुंबई-पालघरच्या कोळीवाड्यांत दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांची जोडी बांबूच्या मांडवावर टांगतात. तेच दात तिथे आकड्याचे काम करतात.

पठारावरचा समुद्र एवढ्यावर संपत नाही. देवघरातला शंख बहुधा तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून आलेला असतो. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातल्या माळेतली कवडी म्हणजे प्रवाळबेटांच्या उथळ पाण्यात राहणाऱ्या एका गोगलगाईचे कवच. मालदीव बेटांवरून अशा कवड्या शतकानुशतके जहाजे भरभरून येत होत्या आणि चलन म्हणून बाजारात फिरत होत्या. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे पांढरे, हलके समुद्रफेन हे नावाप्रमाणे फेस नाही. ते कटलफिशच्या, म्हणजे माकुलाच्या भाऊबंदाच्या, पाठीतले आतले कवच आहे. त्यातल्या असंख्य बारीक कप्प्यांतले पाणी आणि वायू कमीजास्त करून हा प्राणी पाण्यात वर-खाली होतो. नखाने थोडे खरवडले की ते कप्पे उघडे पडतात.

एक वस्तू मात्र ओळखून तिच्यापासून दूर राहायला हवी. जत्रांत आणि पूजासाहित्याच्या काही दुकानांत काचेच्या चौकटीत बसवलेले काळे, जाळीदार झुडूप ‘इंद्रजाल’ म्हणून विकले जाते. घरात लावले की नजर लागत नाही, असे विकणारा सांगतो. ही वनस्पती नाही. काळ्या प्रवाळाचा किंवा समुद्रपंख्याचा तो सांगाडा असतो. हजारो इवल्या प्राण्यांनी मिळून तो वर्षानुवर्षे वाढवलेला असतो, आणि समुद्राच्या तळावरून तो खुडून आणलेला असतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आणि समुद्रपंखे येतात, म्हणजे कायद्याच्या नजरेत त्यांचे स्थान वाघाच्या बरोबरीचे आहे. जामखेडमध्ये बसून समुद्रासाठी काही करायचे असेल तर घरातल्या मोठ्या माणसांना ती चौकट विकत घेऊ न देणे, इथून सुरुवात होते.

आता किनाऱ्याकडे. शाळेची सहल कोकणात जाते तेव्हा काय होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बस दुपारी किनाऱ्यावर पोचते, मुले चपला हातात घेऊन पाण्याकडे धावतात, तासभर लाटांत भिजतात, उंटावर किंवा घोडागाडीत बसतात, आणि शिट्टी वाजली की ओल्या कपड्यांनी परत बसमध्ये. समुद्र पाहिला असे सगळे घरी सांगतात. पाण्यातला एकही प्राणी कोणी पाहिलेला नसतो. यात मुलांचा दोष नाही. ज्या वेळी त्यांना तिथे नेले त्या वेळी समुद्राने आपले घर झाकून घेतलेले होते. ते उघडे पडते ओहोटीला, आणि वाळूपेक्षा कितीतरी जास्त खडकावर.

त्या खडकाशी जामखेडच्या मुलांची ओळख जुनी आहे. सौताड्याला विंचरणा नदी ज्या काळ्या कड्यावरून रामेश्वराच्या दरीत कोसळते, तो कडा आणि हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कुरतडलेला खडक, दोन्ही एकाच घडामोडीतून आले. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर पडत राहिला आणि थरावर थर चढत दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. मुंबईला हाजी अलीच्या मागे ओहोटीत उघडा पडणारा खडकही तोच. पठारावर त्याच्या भेगांत मातीअभावी गवतसुद्धा जेमतेम धरते. समुद्राकाठी त्याच भेगांत, खळग्यांत, कपारींत बोटभर जागाही मोकळी सापडत नाही.

पण तिथे राहणे सोपे नाही, आणि हे दुष्काळी भागातल्या मुलांना इतरांपेक्षा लवकर कळेल. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. ओहोटीत पाणी मागे सरले की खडकावरचे जीव उघड्यावर पडतात. ऊन तापते, खळग्यातले पाणी गरम होते, बाष्प उडून अधिक खारट होते. पावसाळ्यात त्याच खळग्यात गोडे पाणी भरते, तेही खाऱ्या पाण्यात वाढलेल्या जिवाला तेवढेच मारक. जामखेडला दुष्काळ काही वर्षांनी पडतो. या खडकावर तो दिवसातून दोनदा पडतो आणि प्रत्येक वेळी कित्येक तास टिकतो.

त्यावर प्रत्येकाने आपापला उपाय काढला आहे. सगळ्यात वरच्या पट्ट्यात, जिथे फक्त उधाणाचे पाणी किंवा तुषार पोचतात, तिथे हरभऱ्याएवढ्या गोगलगाई भेगांत दाटीवाटीने बसलेल्या दिसतात. त्या कवचाचे दार लावून घेतात, वाळलेल्या चिकट स्रावाने खडकाला चिकटतात आणि पाण्याची वाट पाहतात. जामखेडच्या शिवारात उन्हाळ्यात बाभळीच्या खोडाला किंवा पडक्या भिंतीला चिकटलेली, तोंड बंद केलेली गोगलगाय ज्याने पाहिली आहे, त्याला इथे नवे काही वाटणार नाही. युक्ती तीच आहे. फक्त एकीला पावसाची वाट पाहायची असते आणि दुसरीला भरतीची.

त्याखाली बार्नेकलांचा पट्टा लागतो. पांढरट, धारदार, लहानशा ज्वालामुखीच्या आकाराचे हे खडे अनवाणी पायाला रक्तबंबाळ करतात. दिसायला शिंपल्यांसारखे असले तरी ते कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातले आहेत. पिल्लू असताना बार्नेकल पाण्यात तरंगत हिंडते, मग एक जागा निवडून डोके खडकाला चिकटवते आणि भोवती कवचाच्या भिंती उभारते. पुढचे सगळे आयुष्य तो प्राणी डोक्यावर उभा राहून, पाय वर काढून, पायांनी पाण्यातले अन्न गाळत काढतो. ओहोटी लागली की वरची झडप बंद. ज्याच्याकडे भिंग आहे आणि दहा मिनिटे थांबण्याची तयारी आहे, त्याने पाण्याने भरलेल्या एखाद्या खळग्यातला बार्नेकल पाहावा. झडप उघडते, पिसासारखे पाय बाहेर येतात, पाणी खेचून आत जातात, आणि पुन्हा बाहेर येतात. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही आकृतीपेक्षा हे मोलाचे आहे.

आणखी खाली कालवे लागतात, मग समुद्रफुले. समुद्रफूल हा प्राणीच, फुलासारखा दिसणारा. पाण्यात असताना त्याच्या शुंडकांचा झुबका पसरलेला असतो, आणि पाणी गेले की तो स्वतःला आत ओढून गुळगुळीत गोळी होऊन बसतो. खडकाच्या तळाशी, जिथे फक्त मोठ्या उधाणाच्या ओहोटीतच पाय टाकता येतो, तिथे प्रवाळ भेटू शकते. तेही मुंबईत. हाजी अली, वरळी, मरीन ड्राइव्ह इथल्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहे, हे मुंबईकरांनाही फार उशिरा कळले. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळांच्या काही वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा कुठे ती बातमी झाली.

हे जग लोकांपर्यंत नेण्याचे काम ज्यांनी केले त्यांत प्रदीप पाताडे यांचे नाव आधी घ्यायला हवे. ते गिरगाव चौपाटीवर जलक्रीडा शिकवत, म्हणजे त्यांचा दिवस पाण्यातच जाई. २०१३ च्या गणेशोत्सवात विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या अनेकांना कशाचा तरी जबरदस्त डंख झाला आणि घबराट पसरली. ती पाकटे होती. पाकट हा वाळूत अंग पुरून बसणारा चपटा मासा. शेपटीवरच्या काट्याने तो डंख करतो, पण पाय अंगावर पडला तरच. पाताडे तिथल्या जिवांच्या नोंदी ठेवत गेले. पुढे २०१७ मध्ये त्यांनी अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांच्यासोबत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला. ओहोटीच्या वेळी लोकांना घेऊन खडकांवर फिरायचे, दिसेल त्याचे छायाचित्र काढायचे, नोंद करायची, काहीही उचलून न्यायचे नाही. गटाराचे पाणी जिथे मिसळते, प्लास्टिकचा खच जिथे साचतो, त्या मुंबईच्या किनाऱ्यावर त्यांनी शेकडो जातींची नोंद केली : ऑक्टोपस, रंगीत समुद्री गोगलगाई, समुद्रफुलांच्या नात्यातल्या झोअँथिडांचे हिरवे गालिचे, समुद्रपंखे. यासाठी कोणी दुर्गम बेटावर गेले नव्हते. लोकल गाडीने जाता येईल अशाच या जागा होत्या.

त्यासाठी एकच गोष्ट नेमकी लागते, ती म्हणजे वेळ. आणि वेळेचे गणित घरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात असते. कोकणात पिढ्यान् पिढ्या वापरात असलेला हिशेब असा : तिथीला तीनाने गुणायचे आणि चाराने भागायचे, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती, एकदा दुपारी आणि एकदा पहाटे. अष्टमीला सहा वाजता. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी तळाला जाते. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. हिशेब जमतो, कारण चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि तिथीचा पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. पाच-दहा मिनिटांचा फरक पडतो, ठिकाणानुसारही थोडा बदलतो, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी पडताळून घ्यावे. पण अंदाज बांधायला पंचांग पुरते.

तिथीवरून दुसरी गोष्टही कळते : पाणी किती दूर जाईल. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते. तेव्हा उधाण असते. भरती उंच चढते आणि ओहोटीही खोल उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची हालचाल थोडकी. उधाणात मुंबईकडे पाणी चार मीटरहून अधिक वर-खाली होते, आणि मालवणकडे हे अंतर बरेच कमी. तळाचे जीव पाहायचे असतील तर उधाणाचे दिवस निवडायला हवेत. पौर्णिमेनंतरची प्रतिपदा किंवा द्वितीया सर्वांत सोयीची, कारण त्या दिवशी ओहोटीचा तळ सकाळी सात-साडेसातच्या सुमारास येतो. शाळांनी सहलीचा दिवस ठरवताना हे पाहिले पाहिजे. देवदर्शन आणि जेवणाच्या वेळा पाहून आखलेली सहल समुद्र दाखवू शकत नाही.

वाळूचा किनारा पहिल्या नजरेला रिकामा वाटतो. तिथे माणसाला मेंढपाळाची नजर लागते, आणि ती पठारावरच्या मुलांकडे असते. ज्याला मातीवरच्या ठशांवरून कोल्हा कुठून आला आणि सरपटत गेलेले काय होते ते सांगता येते, त्याला वाळू वाचायला वेळ लागत नाही. ओलसर वाळूवर एका भोकाभोवती मोहरीएवढ्या ते ज्वारीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसली की तिथे वाळू गाळणारा लहानसा खेकडा राहतो. ओहोटीत तो बाहेर येतो, वाळू तोंडात घेऊन तिच्यातले खाण्यासारखे काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतो. भरती आली की सगळी नक्षी पुसते आणि दुसऱ्या ओहोटीत पुन्हा मांडली जाते. कोरड्या वाळूत, वरच्या बाजूला मोठे भोक असेल तर ते भुताळ्या खेकड्याचे. तो वाळूच्या रंगाचा असतो, दांड्यांवरचे डोळे उभे करून पाहतो आणि सावली पडताच इतका वेगाने पळतो की नजर चुकते.

शिंपल्यांतही गोष्टी लिहिलेल्या असतात. रिकाम्या शिंपल्याच्या एका टोकाशी कोणी छिन्नी मारल्यासारखे गोल, कडा उतरत्या असलेले भोक दिसते. ते मूनस्नेल या गोगलगाईचे काम. ती वाळूखालून शिंपल्याला पायाने वेढते, एका स्रावाने कवच मऊ करते, काट्याकाट्यांच्या जिभेने खरवडून आरपार भोक पाडते आणि आतले मांस खाते. त्याच किनाऱ्यावर वाळूची बनवलेली, तुटक्या गळपट्टीसारखी एक वस्तू सापडते. मुले तिला कचरा समजून लाथाडतात. ती याच गोगलगाईची अंडी असतात, वाळूच्या कणांत चिकटवून ठेवलेली. किती शिंपल्यांना भोक आहे आणि कितींना नाही, एवढे मोजले तरी एका सकाळीत एका किनाऱ्याबद्दल स्वतःचे असे काही कळते.

कासवांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिचे धागे जामखेडपर्यंत येतात.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे, सावित्री नदीच्या मुखाच्या दक्षिणेला. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. ११ मार्च १७९५ ला निजामाविरुद्ध झालेली खर्ड्याची लढाई ज्यांच्या मुत्सद्देगिरीने जिंकली गेली ते नाना, आणि खर्डा जामखेड तालुक्यात. इतिहासाच्या पुस्तकातून ओळखीच्या असलेल्या नानांच्या वेळास गावात २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या घरट्यांचा शोध घेत फिरत होते. वाळूवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या या किनाऱ्यावर रात्री येतात, वाळूत दीड-दोन फूट खोल खड्डा करतात, शंभर-सव्वाशे अंडी घालून तो बुजवतात आणि समुद्रात परत जातात. मागे वळून पाहणे नाही. अंडी कोल्हे आणि कुत्री उकरून खात, माणसेही काढून नेत. वेळासमध्ये तोपर्यंत हे वर्षानुवर्षे चालत आले होते.

संस्थेने गावातल्याच माणसांना सोबत घेतले. पहाटे किनारा चालायचा, मादीच्या वल्ह्यासारख्या पायांचा माग शोधायचा, घरटे सापडले की अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले वाळू सारून वर येतात. वाळू किती तापली यावर नर निपजणार की मादी हे ठरते. उबदार वाळूत माद्या अधिक होतात. म्हणून खड्डा सावलीत हलवणे किंवा कमी खोल करणे ही क्षुल्लक बाब नसते. वेळासचेच मोहन उपाध्ये या कामात पडले आणि पुढे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या कासव संवर्धनातले जाणते नाव झाले. २००६ च्या सुमारास कासव महोत्सव सुरू झाला. बाहेरची माणसे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागली, त्यांच्या स्वयंपाकघरातले जेवू लागली, आणि सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलली की इवली पिल्ले समुद्राकडे जाताना पाहू लागली. अंडी विकून जे मिळे त्यापेक्षा अंडी राखून जास्त मिळू लागले. आता रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी गावांत कासवमित्र आहेत. पिल्लांपैकी मोठी होणारी फार थोडी, साधारण हजारात एक असे मानले जाते. तेवढ्यासाठी माणसे थंडीत पहाटे चार वाजता किनारा चालतात.

ही कासवे जातात कुठे? २५ जानेवारी २०२२ ला वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवले गेले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेबाबत असे पहिल्यांदाच होत होते, म्हणून तिचे नाव प्रथमा. मागोमाग सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री. पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री आणि गुहा यांना यंत्रे लागली. बागेश्री केरळ ओलांडून, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. मग २७ जानेवारी २०२५ ला उलटी खबर आली. गुहागरला रात्री अंडी घालणाऱ्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ही पट्टी तिला १८ मार्च २०२१ ला ओडिशातल्या गहिरमाथ्याला लावलेली होती. पूर्व किनाऱ्यावर अंडी घालणारी मादी साडेतीन हजार किलोमीटरचा फेरा मारून पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालू शकते, हे अभ्यासकांनी तोवर गृहीत धरलेले नव्हते.

आणि बंगालचा उपसागर हाच जामखेडचा समुद्र आहे. सहलीची बस पश्चिमेला जाते, पण तालुक्याचे पाणी पूर्वेला वाहते. विंचरणा सीनेला मिळते, सीना सोलापूरच्या दक्षिणेला हत्तरसंग कुडलजवळ भीमेत, भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेत, आणि कृष्णा श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचे धरण ओलांडून आंध्रातल्या हंसलादीवीजवळ समुद्रात. कृष्णेच्या त्या मुखाजवळच्या वाळूवरही ऑलिव्ह रिडले अंडी घालतात आणि तिथेही वनखाते ती राखते. धरणे इतकी आहेत की जामखेडचा थेंब तिथपर्यंत पोचायला चांगला पाऊस व्हावा लागतो. पुराबरोबर वाहत गेलेली पिशवी मात्र पोचू शकते, आणि कासवांच्या पोटात प्लास्टिक सापडल्याच्या नोंदी जगभर आहेत.

किनाऱ्यावर फिरताना काही गोष्टी पक्क्या ठाऊक असाव्यात. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नये, वाळूवरून घासत न्यावा. पाकट कंपनाने बाजूला होते. डंख झालाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. पावसाळ्यात वाऱ्याने निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल किनाऱ्याला लागतात. दिसायला खेळण्यासारखे, पण त्यांचे लांब धागे मेल्यावरही डंख करतात. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हातात घेऊ नये, त्यातल्या काहींचा काटा विषारी असतो. उलटा केलेला दगड होता तसाच ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला राहणाऱ्या जिवांसाठी वरचे ऊन म्हणजे मृत्यू. आणि रिकामा दिसणारा शंखसुद्धा खिशात टाकण्यापूर्वी पाहायचा, आत साधूखेकडा असू शकतो. मऊ पोटाच्या या खेकड्याला दुसऱ्याचे घर लागते आणि वाढेल तसे बदलावे लागते. माणसांनी शंख वेचून नेले की त्याला घरे उरत नाहीत.

कधी अवाढव्य काही दिसते. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. १३ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन दिवाळीत, गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत रुतले. वनखाते, गावकरी, मच्छीमार सगळे दोन दिवस झटले, अंगावर पाणी मारत राहिले, बोटींनी ओढून त्याला खोल पाण्यात सोडले. ते जगले नाही. अशा वेळी गर्दी हटवणे, कातडी ओली ठेवणे, डोक्यावरच्या श्वासरंध्रात पाणी किंवा वाळू जाऊ न देणे आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवणे, एवढे कोणालाही करता येते.

सामान फारसे लागत नाही. जुने बूट, भिंग, पाण्याची बाटली, टोपी, वही. वहीत तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, जागा, आणि प्राणी खडकावर किती वर होता ते. छायाचित्र काढताना शेजारी नाणे ठेवले की आकार कळतो. ‘आयनॅचरलिस्ट’ हे मोफत अॅप आहे. त्यावर फोटो टाकला की जगभरचे जाणकार ओळख पटवायला मदत करतात, आणि ती नोंद पुढे अभ्यासकांच्या उपयोगी पडते. पण त्याआधी ओहोटीत कालवे फोडायला आलेल्या बाईला विचारावे. मावशी, ह्याला काय म्हणता? तिच्याकडे नाव असते, तो केव्हा दिसतो हे असते, आणि पूर्वी किती दिसायचा हेही.

जामखेडच्या शाळेला एकच सहल न्यायची असेल तर होळी गाठावी. फाल्गुन पौर्णिमा मार्चच्या आसपास येते. वेळासला पिल्ले बाहेर पडण्याचा हंगाम तोच. हरिहरेश्वर सावित्रीच्या मुखाच्या उत्तरेला आणि वेळास दक्षिणेला. मध्ये बागमांडला ते वेसवी फेरीबोट चालते, तिच्यावर बसही चढते. सकाळी प्रदक्षिणेच्या वाटेवरचा खडक, संध्याकाळी वेळासचा किनारा, दोन्ही एका दिवसात बसते. प्रदक्षिणेचा खडक फक्त ओहोटीत जाण्याचा. पाणी वळले की सगळ्यांनी वर यायचे, लाटांनी तिथे माणसे ओढून नेली आहेत. गावातली होळी पेटवून रात्री नऊला निघालेली बस सकाळी साडेसहा-सातला हरिहरेश्वरला पोचते, आणि प्रतिपदेची ओहोटी त्याच सुमारास तळाला असते.